'दैहिक शोषण' नको, मग काय?

(पुण्यातल्या तिघांचं बोलणं; नावांच्या जागी त्यांचे भाग.)

सदाशिव पेठ: डोळ्यात सोडायच्या स्टेरॉइड इम्प्लांटची (औषधाच्या बारीक कांडीची) रुग्णपत्रिका मराठीत आणायची आहे. 'सिस्टेमिक अ‍ॅब्सॉर्प्शन'ला (औषध रक्तातून शरीरभर पोचण्याला) कोशातले दोन शब्द जोडले की 'दैहिक शोषण' होतं. हे छापलं तर रुग्ण थेट पोलिस चौकी गाठेल. 'सस्टेन्ड रिलीज'ला (औषध हळूहळू सुटत राहण्याला) मसुद्यात 'शाश्वत मुक्ती' आहे. कीर्तनात खपेल, पत्रिकेत नाही. काय लिहावं?

कोथरूड: 'अभिशोषण' बिनचूक आहे, पण डॉक्टरांपुरतंच. 'अवशोषण' हिंदीतलं. 'अधिशोषण' तर वेगळीच क्रिया, पृष्ठभागाला चिकटण्याची. रुग्णासाठी सरळ 'औषध रक्तात उतरणे' लिहा. 'भिनणे' मोहात पाडतं, पण औषधाआधी विष आठवतं. 'सस्टेन्ड रिलीज'ला 'हळूहळू पाझरणारे'. 'जिरणे' मात्र राखून ठेवा: डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची कांडी डोळ्यातच जिरते, काढावी लागत नाही. फ्लुओसिनोलोन या दुसऱ्या स्टेरॉइडची नळी जिरत नाही, तिथे तो शब्द चुकेल.

औंध: 'उतरणे'ला पाठिंबा, कारण डोळ्यात घालायच्या थेंबाचं औषध खरोखरच उतरतं. थेंब साधारण ५० मायक्रोलिटरचा. पापणीत मावत नाही तेवढा गालावर ओघळतो, बाकीचा बराचसा नाकाकडच्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रातून अश्रुनलिकेत आणि तिथून नाकात. नाकाच्या अस्तरातून तो यकृताला वळसा घालून रक्तात जातो. थेंबानंतर घशात कडवट लागतं ते यामुळेच. म्हणून थेंब घातल्यावर डोळा मिटून तो कोपरा बोटाने दोन-तीन मिनिटं दाबायचा. पत्रिकेत 'डोळा चोळा' असं काही जाऊ देऊ नका.

आता हिशेब. ०.१ टक्का डेक्सामेथासोनच्या एका थेंबात ०.०५ मिलिग्रॅम औषध. इम्प्लांटमध्ये एकूण ०.७ मिलिग्रॅम, म्हणजे १४ थेंबांइतकं, आणि ते काही महिने पुरतं. चाचण्यांत बहुतेकांच्या रक्तात ते मिलिलिटरला ५० पिकोग्रॅम या मोजमापाच्या मर्यादेखालीच होतं. त्यामुळे 'रक्तात अजिबात उतरत नाही' लिहू नका, 'मोजता येणार नाही इतके कमी' लिहा. डोळ्याभोवती टोचलेलं ४० मिलिग्रॅम ट्रायमसिनोलोन (हेही स्टेरॉइडच) ही निराळी गोष्ट. त्याने मधुमेह्याची साखर चढू शकते. दोन्हीला नुसतं 'डोळ्याचं इंजेक्शन' म्हटलं तर घोटाळा अटळ.

कोथरूड: आणि 'रक्तात कमी' वाचून लोक 'दुष्परिणाम नाहीत' असं समजतात. डोळ्यातला दाब वाढणं आणि मोतीबिंदू हे डोळ्यापुरतेच त्रास, रक्ताशी त्यांचा संबंध नाही. ते त्याच परिच्छेदात हवेत, पान उलटून नकोत.

सदाशिव पेठ: मग असं: 'ही कांडी डोळ्यात हळूहळू जिरते व तिच्यातून औषध पाझरत राहते. रक्तात ते फारच कमी उतरते. परंतु मोतीबिंदू होऊ शकतो आणि डोळ्यातला दाब वाढू शकतो, म्हणून दाब तपासण्यासाठी दिलेल्या तारखा चुकवू नका.'

औंध: 'परंतु'चं 'पण' करा. बाकी छापा.