जुनं दुकान-घर पाडून बांधायचंय, पण पुढचे ९ फूट रस्त्यात जातात म्हणे. काय करावं?

माळवदवाला

नमस्कार मंडळी. शहराचं नाव मुद्दाम टाकत नाही, मराठवाड्यातलंच महापालिका असलेलं शहर आहे. घर जुन्या बाजारपेठेत, पुढं दुकान आणि मागं राहतं घर. आजोबांच्याही आधीचं, दगड-मातीच्या भिंती, सागवानी खण (दोन तुळयांमधला गाळा), वर माळवद (लाकडावर मातीचं सपाट छत), वडिलांनी नंतर पुढच्या बाजूला पत्रे टाकले. रुंदी १४ फूट आणि खोली ५२ फूट. ऑगस्टच्या झडीत मागची भिंत बसली आणि तिच्यासोबत दोन खण खाली आले. त्या वेळी सगळे पुढं दुकानात होते म्हणून वाचलो, नाहीतर आई रोज दुपारी तिथंच पडलेली असते.

आता आई म्हणायली एकदाचं पाडा आणि नीट बांधा, कितीदा माती टाकणार वर. म्हणून नगररचना विभागात गेलो तर तिथल्या साहेबांनी नकाशा काढून दाखवला, आमच्या समोरचा रस्ता आज २२ फूट भरतो आणि शहराच्या विकास आराखड्यात तो १२ मीटर दाखवलाय, म्हणजे नवीन बांधताना आमच्या बाजूनं जवळपास ९ फूट सोडावे लागणार. आमचं दुकानच १८ फूट खोल आहे! निम्मं दुकान गेलं की राहिलं काय. आणि दोन्ही बाजूचे शेजारी हलणार नाहीत, त्यांचे ओटे आणि शटर जिथल्या तिथं, मधी मी एकटा ९ फूट आत, गिऱ्हाईकाला दुकान दिसणारच नाही.

पुढच्या कोपऱ्यात शिवणकाम करणारे एक काका भाडेकरू आहेत, वडिलांच्या काळापासूनचे, त्यांचं काय करायचं तेही कळंना. पुढचं तसंच ठेवून फक्त मागचं बांधता येतं का? आणि गेलेल्या जागेचं काई मिळतं का? कुणाला अनुभव असेल तर सांगा, रात्री झोप लागत नाही पाऊस आला की.

नकाशा_ओळंबा

दादा, आधी सगळे सुखरूप आहेत हे वाचून बरं वाटलं. मी संभाजीनगरला आर्किटेक्ट आहे, गुलमंडी-सिटी चौक भागातली अशी कामं बरीच केलीत म्हणून जरा लांबण लावतो.

एक गोष्ट डोक्यातून काढा की तुमचं घर बेकायदेशीर आहे. ते नियमाच्या आधीचं आहे. आहे तसं वापरायचा हक्क तुमचा आहेच, अडचण येते ती पाडून परत त्याच जागी बांधायला गेलं की. (माझा मित्र अमेरिकेत हेच काम करतो, तिकडं बऱ्याच शहरांत असाच हिशोब असतो, नियमाआधीचं बांधकाम चालू राहतं पण निम्म्याहून जास्त नुकसान झालं की नव्या नियमानं बांधा.) आपल्याकडं १९४९ च्या महापालिका कायद्यात पण निम्म्याचीच गोष्ट आहे. जोत्याच्या वर घराचं जेवढं घनफळ भरतं त्याच्या निम्म्याहून जास्त पाडलं, जळालं किंवा ढासळलं तर ते नवीन बांधकाम धरतात. तुमचे दोन खण म्हणजे १०-१२ फूट झाले, ५२ फुटांपैकी. निम्म्याच्या बरंच आत आहात! मागचा भाग परवानगी घेऊन दुरुस्त करायची वाट तुम्हाला मोकळी आहे असं मला वाटतं, आणि मागचा भाग रस्त्याच्या रेषेत येतच नाही.

पण इथंच लोक फसतात. मिस्त्री म्हणतो ही पण भिंत पोकळ आहे काढून टाकू, मग ती पण, करता करता निम्मं ओलांडलं जातं आणि काम बंदची नोटीस येते. आणि पुढच्या ९ फुटांना हात लावायचा नाही, कारण त्याच कायद्याच्या कलम २१० खाली रस्त्याची नियमित रेषा (जिच्या पुढं घर यायला नको ती आयुक्तांनी ठरवलेली हद्द) ठरलेली असेल तर त्या रेषेतल्या भागाची दुरुस्ती करताना सुद्धा आयुक्त मागं घ्या म्हणू शकतात. म्हणून लेखी अर्ज करून विचारा की तुमच्या रस्त्याला फक्त आराखड्यातली रुंदी आहे का नियमित रेषा पण ठरलीय. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि काउंटरवर तोंडी विचारलं तर एकच उत्तर मिळतं.

त्याच्या आधी स्ट्रक्चरल ऑडिट म्हणजे इंजिनिअरकडून इमारतीच्या मजबुतीची तपासणी करून घ्या, तसंही ३० वर्षांवरच्या इमारतीला ते लागतंच. सी-१ आलं तर अतिधोकादायक, पाडावीच लागते, मग दुरुस्तीचा विषय संपला. सी-२ मधी दुरुस्तीला वाव असतो.

जागेच्या मोबदल्याचं म्हणाल तर कायद्यात आहे. रोख, नाहीतर गेलेल्या जागेचा एफएसआय (किती बांधता येतं तो हक्क) उरलेल्या प्लॉटवर वापरायचा, नाहीतर टीडीआर, म्हणजे तोच हक्क दुसऱ्याला विकता येतो. तुमच्यासारख्या छोट्या जागेला एफएसआय वर वापरून एक मजला चढवणं मला जास्त पटतं, एवढासा टीडीआर विकायला गिऱ्हाईक शोधत बसावं लागतं. फक्त जागा विनामोबदला देतो अशा कागदावर घाईत सही करू नका. आणि आजच्या आज टेप लावून सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा, पीआर कार्ड (सिटी सर्व्हेचा मालकीचा उतारा) काढा, जुन्या घरपट्टीच्या पावत्या आणि लाइटबिलं एका पिशवीत बांधा. पडल्यावर घर किती होतं हे सिद्ध करायला दुसरं काई उरत नाही.

गोलाईपासून_जवळ

वरच्या सरांनी कायद्याचं सांगितलंय, मी बांधकामाचं सांगतो. मी लातूरचा, ठेकेदारी करतो.

भाऊ एक हात जोडून विनंती, दगड-मातीच्या भिंतीवर आरसीसी स्लॅब टाकू नका. स्वस्तात होतं म्हणून लोक टाकायलेत अजून. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीला काय झालं ते आम्ही बघितलंय, मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. जाड जाड भिंती, आत नुसती माती, वर माळवदाचं दोन दोन फूट ओझं, ते सगळं माणसांवर आलं. भूकंपाच्या आधी आमचा लातूर-किल्लारीचा भाग भूकंपाच्या झोन १ मधी होता, सगळ्यात कमी धोक्याचा, नंतर २००२ ला झोन ३ केला. मागचा भाग बांधायचा तर पाया-कॉलम-बीम सगळं वेगळं उभं करा, जुन्या भिंतीवर काहीच टेकवू नका.

आणि दुसरं म्हणजे काळी माती. पावसात फुगती, उन्हाळ्यात भेगाळती. शेजाऱ्याच्या भिंतीला लागून एकदम सगळा पाया खोदला तर त्याची भिंत तुमच्या खड्ड्यात येईल. चार चार फुटाचे तुकडे करून खोदा, एक भरला की मग दुसरा. शेजाऱ्याच्या भिंतीचे फोटो आधीच त्याच्यासमोर काढून ठेवा म्हणजे नंतर ही भेग जुनी का नवी यावरून भांडण नको. आणि काम दिवाळीनंतर धरा.

बाजारपेठेचं म्हणाल तर आमच्या गंज गोलाईला येऊन एकदा उभं राहून बघा. १९१७ ची आखणी, मधी अंबाबाईचं मंदिर आणि गोल फिरून १६ रस्ते निघतात, सराफ लाईन, कापड लाईन, भुसार लाईन अशा ज्याच्या त्याच्या लाईनी. गर्दी लई असती, गाड्या लागलेल्या असतात, तरी गोलाईचा गोल डोळ्याला दिसतो कारण आधी रेषा आखली आणि मग सगळ्यांनी त्या रेषेवर बांधलं. तुमच्या रस्त्यावर उलटं झालंय, घरं आधीची आणि रेषा नंतरची.

गोदाकाठची

मी बांधकामातली नाही, पण नांदेडच्या बाजारात वीस वर्षं पायी फिरतेय म्हणून लिहिते.

रस्ता रुंद होणार म्हणजे नक्की कुणासाठी, हे पण विचारा दादा. नांदेडला २००८ च्या गुरु-ता-गद्दीच्या (शिखांच्या मोठ्या सोहळ्याच्या) वेळी जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर विकास योजनेतून रस्ते केले तेव्हा काही रस्त्यांना फुटपाथ, सायकलची वाट, झाडं, फेरीवाल्यांना जागा असं सगळं एकत्र आखलं होतं. माझ्या सासूबाई तेव्हा पहिल्यांदा एकट्या बाजारात चालत गेल्या, त्यांना गुडघ्यांचा त्रास, तरी गेल्या. नंतर त्याच फुटपाथवर जागोजागी मोटारसायकली लागायला लागल्या तेव्हा त्यांचं जाणं परत बंद झालं. म्हणजे रुंदी होती, फक्त चालणाऱ्याची राहिली नाही.

इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक आहे, चालायला कमीत कमी १.८ मीटर मोकळं, आणि बाजारपेठेत २.५ मीटर. तुमचे ९ फूट म्हणजे जवळपास तेवढेच होतात! तुमच्यासारख्यांची जागा जाऊन तिथं दोन गाड्या लागणार असतील तर मला ते मनापासून वाईट वाटेल. बाजारात येणाऱ्या बाईला काय पाहिजे असतं, सावली, बसायला दोन ठिकाणं, स्वच्छ बाथरूम, आणि लेकराचा हात सोडला तरी भीती नाही एवढी चालायची जागा. एवढं मिळालं की ती तासभर जास्त थांबते आणि चार दुकानं जास्त फिरते. हे दुकानदारांनी पण मागायला पाहिजे, फक्त माझे फूट वाचवा एवढंच नाही.

आणि फेरीवाल्यांना हाकलून रस्ता सुंदर होत नाही. २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, सर्वेक्षण झाल्याशिवाय त्यांना उठवता येत नाही, त्या कायद्याखालच्या समितीत त्यांचे प्रतिनिधी असतात. आमची भाजीवाली मावशी तिथं बसते म्हणून संध्याकाळी तो रस्ता जिवंत असतो.

माळवदवाला

सगळ्यांचे आभार, खरंच खूप धीर आला. ताई तुमचं वाचून आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली बरोबर बोलली पोरगी.

घनफळाचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. उद्याच ऑडिटवाल्याला बोलावतो. पण शिवणकामवाल्या काकांचं राहिलं. त्यांचं बसायचं ठिकाण अगदी त्या ९ फुटातच येतं. ऑडिटमधी सी-१ आलं आणि पाडावं लागलं तर त्यांचा हक्क संपतो का? लोक म्हणायलेत हीच संधी आहे, पाडलं की भाडेकरू आपोआप जातो. मला ते नको आहे, माझ्या शाळेचे कपडे त्यांनी शिवलेत.

नकाशा_ओळंबा

नाही संपत. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की महापालिकेनं धोकादायक म्हणून इमारत पाडली तरी भाडेकरूचा हक्क जात नाही, कारण भाडेपट्टा जमिनीसकट असतो. त्यामुळं पाडायच्या आधी काकांची जागा मोजून, किती चौरस फूट, कुठल्या बाजूला, असं लिहून दोघांच्या सह्या करा आणि नवीन नकाशात त्यांचा गाळा दाखवा. असं आधीच केलं की परवानगीच्या वेळी पण कुणी हरकत घेत नाही.

निवृत्त_आरेखक

सगळं वाचलं. मी नगररचना खात्यात आरेखक होतो, ३१ वर्षं रस्त्यांच्या रेषा मारल्यात, त्यामुळं हा विषय माझ्या जवळचा आहे. तुमच्या शहरात नव्हतो.

या नियमामागचा विचार असा होता की जुनी घरं कधी ना कधी पडतीलच, जो बांधेल तो मागं सरकेल, तीस-चाळीस वर्षांत रस्ता न पाडता रुंद होईल. कागदावर चांगलं वाटतं. प्रत्यक्षात काय होतं ते मी बघितलंय. मागं सरकायला लागू नये म्हणून लोक बांधतच नाहीत, पत्रा टाकतात, लोखंडी टेकू लावतात, पोरंबाळं घेऊन त्याखाली झोपतात. एखादा बांधतो आणि दात पडल्यासारखी एक खाच तयार होते, त्या खाचेत कचरा येतो, गाडी लागते, आणि रस्ता काही रुंद होत नाही. खरं नुकसान धोकादायक घरात राहणाऱ्या माणसाचं. मला हे नोकरीत असतानाही टोचायचं आणि आताही टोचतं.

म्हणून माझं सांगणं, एकटे जाऊ नका. तुमच्या लाईनीत या चौकापासून त्या चौकापर्यंत किती घरं आहेत ती मोजा, त्यातली किती जुनी आहेत बघा, आणि सगळ्यांच्या सह्यांचा एकच अर्ज आयुक्तांकडं द्या. मागणी एवढीच की रेषेची जागेवर आखणी करून द्या, मोबदला सगळ्यांना एकाच पद्धतीनं ठरवा, आणि फुटपाथ, गटार, लाइटची केबल हे सगळं त्याच कामात घ्या म्हणजे दोनदा खोदायला नको. लाईन एकदम मागं गेली तर कुणाचंच दुकान खाचेत जात नाही, तुमची मोठी भीती तीच आहे ना. शेजारचे दोन-तीन प्लॉट एकत्र करून बांधायला तयार झाले तर जिना एकच लागतो, १४ फुटात जिना काढला की दुकानाला उरतं किती ते तुम्हीच बघा.

अजून एक. मुंबईत दादाभाई नौरोजी रोडला कधी गेलात तर वर इमारती आणि खाली कमानींतून माणसं चालतात ते बघा. १८९६ च्या नियमानं तिथल्या मालकांना ती चालायची वाट सोडायला लावली होती. प्रत्येकाची इमारत वेगळी, वाट मात्र सलग, ऊन-पावसात पण गिऱ्हाईक दुकानासमोरच. तुमच्याकडं रेषेवर असं बांधायला परवानगी मिळेलच असं मी म्हणत नाही, एकट्यानं तर करूच नका, पण सगळ्या लाईनीचा अर्ज असेल तर त्यात हा पर्याय लिहून विचारायला हरकत नाही. आमच्या उन्हात तर फारच उपयोगाचं आहे ते.

माळवदवाला

काका, तुमचं वाचून काल संध्याकाळी दुकान बंद केल्यावर लाईनीत फिरलो. आमच्या बाजूला ११ घरं आहेत. त्यातली सात माळवदाची किंवा पत्र्याची. पाच जण सही करतो म्हणाले, दोघांनी विचार करून सांगतो म्हणलं, उजवीकडचे शेजारी आधी चिडले की तुझ्यामुळं आमच्याकडं नोटीस येईल, पण मागची पडलेली भिंत दाखवली तर गप्प झाले आणि त्यांनीच मग त्यांच्या माजघरातली भेग दाखवली, त्यात माझा हात जातोय.

ऑडिट गुरुवारी आहे. मोजणीचा अर्ज भरला. शिवणकामवाल्या काकांची जागा काल मोजली, ५ फूट बाय ७ फूट भरली, कागदावर दोघांनी सही केली. मागं सध्या ताडपत्री टाकलीय आणि आईचा पलंग पुढं दुकानात आणलाय. रिपोर्ट आला की इथंच टाकतो.