'रीएन्ट्री'ला मराठीत काय म्हणाल?

टीपकागद: विशेषगृहातून (गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना ठेवतात ते सरकारी गृह) सुटणाऱ्या दिव्यांग मुलांच्या पालकांसाठी पत्रक मराठीत करतेय. 'रीएन्ट्री'वर, म्हणजे सुटल्यावर घरी-समाजात परतणं, त्यावर अडले. 'पुनःप्रवेश' लिहिलं, तर एक आई घाबरून म्हणाली, "म्हणजे परत आत घेणार?" 'पुनर्वसन' चालेल?

हरकाम्या: नको. आम्ही कोयनेचे. आमच्याकडे पुनर्वसन म्हणजे धरणग्रस्तांचं, जमिनीच्या बदल्यात जमीन. या पोरांचं गाव कुठे बुडालंय?

अनुस्वार: 'पुनरागमन' घ्या.

खडूफळा: गणपती आहे का तो!

अनुस्वार: मग 'पुनरेकात्मीकरण'. संधी नीट करा, 'पुनर्एकात्मीकरण' अशुद्ध.

खडूफळा: हे उच्चारेपर्यंत पोरगा २१ वर्षांचा होईल आणि अनुरक्षणगृहाची (सुटल्यानंतर आधारासाठी राहायचं ते गृह) मुदतही संपेल. आणि 'अनुरक्षण' तरी काय शब्द आहे? रेल्वेच्या डब्यांचं असतं ते.

शेवंता: मी कर्णबधिरांच्या शाळेत होते. आमचा एक मुलगा सुटून आला, गावात नाव पडलं 'रिमांडवाला'. बाल न्याय मंडळापुढे काय चाललंय ते खुणांच्या भाषेत सांगणारं कुणी नव्हतं, त्यामुळे आपण आत का गेलो हेच त्याला कळलेलं नव्हतं. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ५३ मध्ये श्रवणयंत्र, ब्रेल संच, सगळं लिहिलंय. हा आला तेव्हा यंत्र बंद होतं. पत्रकात शब्द कुठलाही घाला, ताई, पण बॅटरी कुठे मिळेल तेही घाला.

हरकाम्या: पूर्वी 'बाल अपचारी' म्हणायचे. अपचारी म्हणजे समाजाला न पचलेला. किती नेमका शब्द!

अनुस्वार: अहो, तो पच् नव्हे, चर् धातू! अप + चर्, वाईट वागणं. म्हणून तर २००० च्या बाल न्याय कायद्यापासून 'विधिसंघर्षग्रस्त बालक' आलं.

खडूफळा: पूरग्रस्त, धरणग्रस्त, विधिसंघर्षग्रस्त. म्हणजे कायदा हा पूर.

अनुस्वार: 'ग्रस्त' म्हणजे गिळलेला. व्याकरणाने बरोबरच आहे.

एकपायी: मी पोलिओवाला. मला 'अपंग' चालतो, 'दिव्यांग' ऐकलं की अंगावर काटा येतो. माझ्यात काय दिव्य आहे? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. पत्रक नक्की कोणासाठी? ऐकू न येणाऱ्याच्या आईला आणि ज्याला समजायला वेळ लागतो त्याच्या आईला एकच कागद?

टीपकागद: 'दिव्यांग' सरकारी आहे, दादा, बदलता येत नाही. पण 'रीएन्ट्री'चं सांगा ना, उद्या छपाईला जायचंय.

शेवंता: 'सुटून आल्यावर' लिहा.

अनुस्वार: ती संज्ञा नाही, कृदन्त आहे.

हरकाम्या: आणि अपचन कुठल्या धातूपासून, ते सांगा आधी.