वापरलेला फ्रिज घ्यावा की नको? सेकंडहँड खरेदीबाबत मदत हवी आहे

मंडळी, मदत हवी आहे. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

गेल्या वर्षी घर बदललं तेव्हा ठरवलं की जमेल तेवढं सामान वापरलेलंच घ्यायचं. पैसे वाचवणं हे पहिलं कारण, खोटं कशाला बोलू. दुसरं कारण जुनं घर रिकामं करताना सापडलं. घरात आम्ही तिघं, पण टाकायच्या सामानाचा ढीग जिन्यात असा साचला की शेजाऱ्यांना अंग चोरून वर जावं लागत होतं. त्यातलं निम्मं चालू होतं. ते बघून पोटात गोळा आला.

तर आतापर्यंतचा जमाखर्च असा. लाकडी कपाट फर्स्ट क्लास. लोखंडी रॅक आणि पुस्तकं यांत तर जुनं-नवं काय कळणार? वॉशिंग मशीनने मात्र दगा दिला. बघायला गेलो तेव्हा विकणाऱ्याने चालू करून दाखवलं, पाणी आलं, ड्रम फिरला, आम्ही खूश. घरी आणून कपडे टाकून पूर्ण स्पिन लावला तर गिरणीत खडे दळायला घातल्यासारखा आवाज! मेकॅनिकने झाकणही उघडलं नाही. दारातूनच म्हणाला, "बेअरिंग गेलंय." दुरुस्तीचा खर्च जवळजवळ मशीनच्या किमतीएवढा, म्हणून तसंच चालवतोय. नवरा यावर काही बोलत नाही. स्पिन सुरू झाला की फक्त टीव्हीचा आवाज वाढवतो.

आता फ्रिज, मुलीसाठी अभ्यासाचं टेबल आणि एक लॅपटॉप हवाय. फ्रिज एक नजरेत आहे. साधारण बारा वर्षांचा, मालक घर सोडून चाललेत, किंमत मातीमोल. नवरा म्हणतो, वाचलेले पैसे वीजबिलात जातील. वर असंही म्हणतो की आपण नाही घेतला तर भंगारवाला नेईल आणि रिसायकल होईलच, तू कशाला जिवाला लावून घेतेस. त्याचं कुठे चुकतंय, की चुकतच नाहीये? आणि वस्तू बघायला गेल्यावर नेमकं काय बघायचं? जाणकारांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद:
मशीनचं वाईट वाटलं, पण हे तिथेच दोन मिनिटांत कळलं असतं. समोरून दार असलेल्या मशीनमध्ये हात घालून ड्रमची वरची कड धरायची आणि वर उचलून बघायची. बाहेरच्या टबासकट सगळंच डुललं तर काळजी नाही, ते स्प्रिंगवर टांगलेलंच असतं. आतला ड्रम एकटाच खडखडला तर गेलं बेअरिंग. नंतर रिकामंच मशीन पूर्ण वेगाच्या स्पिनवर लावून कान द्यायचा. नुसतं "फिरतंय" हे बघून काही कळत नाही.

प्रतिसाद:
रिसायकलबद्दल आधी बोलतो, कारण हा गैरसमज फार आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ई-कचऱ्यावरच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला. त्यातला रीतसर गोळा होऊन प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे फक्त २२.३ टक्क्यांची. म्हणजे "होईलच" वर फार विसंबू नका. आणि रिसायकल झालं तरी धातू वगैरे परत मिळतात, ती वस्तू घडवायला लागलेली ऊर्जा थोडीच परत मिळते?

विजेबद्दल मात्र तुमच्या मिस्टरांच्या बोलण्यात दम आहे. टेबल, कपाट, पुस्तक यांचा पर्यावरणावरचा सगळा भार ती बनतानाच पडून गेलेला असतो, नंतर ती काही खात-पीत नाहीत. ती डोळे झाकून जुनी घ्या (म्हणजे ढेकूण-भुंगा बघून). मोबाइल आणि लॅपटॉपचंही बरंचसं तसंच, मोठा वाटा कारखान्यातच खर्च होतो. फ्रिज उलटा. तो चोवीस तास चालतो, त्याचा भार वापरण्यात जास्त.

धागाकर्ती:
अय्या, म्हणजे नवरा अर्धा बरोबर निघाला. हे त्याला सांगायची घाई करत नाही. पण बारा वर्षांचा फ्रिज किती वीज खातो ते घेण्याआधी कळणार कसं?

प्रतिसाद:
प्लगमध्ये लावायचा छोटा वीजमीटर मिळतो. मालकांना विनंती करून चोवीस तास लावून ठेवा. मी माझ्या जुन्या फ्रिजला लावला तेव्हा दिवसाला १.६ युनिट आले, म्हणजे वर्षाला ५८४. जो नवा घ्यायचा विचार होता त्याच्या लेबलवर वर्षाला २२० होते. फरक ३६४ युनिटांचा. आपल्या बिलातल्या दराने गुणा, किती वर्षांत नव्याची जादा किंमत वसूल होते ते समोर येईल. माझ्या बाबतीत नवा परवडला. पण सहा-सात वर्षांचा, बऱ्यापैकी कमी वीज खाणारा मिळाला असता तर तोच घेतला असता. सगळे जुने फ्रिज एका माळेचे मणी नसतात.

बघायला जाताना एक कागदाचा चिठोरा न्या. दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निसटला तर तिथलं रबर सैल आहे. दाराच्या चारी बाजूंना करा, खालच्या कोपऱ्यात तर नक्की. फ्रिज आदल्या रात्रीपासून चालू ठेवायला सांगा, बंद फ्रिजवरून काहीही कळत नाही. आत ४ अंशांच्या आसपास आणि फ्रीझरमध्ये उणे १८ हवं, साधा थर्मामीटर पुरतो. फ्रीझरमध्ये एकाच कोपऱ्यात बर्फ आणि बाकी पत्रा कोरडा असेल तर गॅस कमी झाल्याची शंका घ्या.

मागच्या पट्टीवर गॅसचं नाव असतं. आर-१२ असेल तर हात जोडून निघा. ओझोनच्या थराला मारक म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो हद्दपार होत गेला, म्हणजे फ्रिज पुराणकाळातला. आर-६००ए असेल तर तो पेट घेणारा वायू असतो. प्रमाण थोडं असल्याने वापरायला भीती नाही, पण पुढे गॅसचं काम निघालं तर जाणता मेकॅनिकच बोलवा.

आणि टेम्पोत उभाच आणा. आडवा आणावाच लागला तर घरी आल्यावर लगेच चालू करू नका. कॉम्प्रेसरमधलं तेल पाइपात गेलेलं असतं, ते खाली उतरू द्या. जितके तास आडवा होता निदान तितके तास उभा ठेवा, शंका असेल तर पूर्ण दिवस.

प्रतिसाद:
वाचतेय. आमच्याकडे "स्वस्तात मिळाली" म्हणून आणलेल्या तीन खुर्च्या गच्चीत पावसात भिजतायत. कचरा कमी करायला निघाले होते, लोकांचा कचरा घरी आणून ठेवला. 😐

प्रतिसाद:
लॅपटॉपबद्दल. बाजारात सध्या खूप स्वस्त जुने लॅपटॉप आलेत, त्यामागचं एक कारण समजून घ्या. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा. त्यामुळे ऑफिसांनी सातव्या पिढीची चांगली धडधाकट मशिनं काढून टाकली. मुलीला ब्राउझर, लिखाण, व्हिडिओ एवढंच हवं असेल तर त्यावर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम) टाकून मजेत चालतं. शाळेचं एखादं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालणारं असेल तर पिढी बघूनच घ्या.

बॅटरी रिपोर्ट विंडोजमधूनच निघतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता असे दोन आकडे दिसतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून बोला. पॅनल फुगलेलं किंवा टचपॅड वर उचललेलं दिसलं तर विषय संपला, बॅटरी फुगलीय. बायोसला (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगला) पासवर्ड नाही ना, आणि सुरू होताना कुठल्या कंपनीचं लॉगिन मागत नाही ना, हे तिथेच बघा. घरी आल्यावर कळलं तर तो लॅपटॉप म्हणजे महागडा पेपरवेट.

प्रतिसाद:
गादी, सोफा असं काही घेणार असाल तर टॉर्च घेऊन शिवणीत बघा. शाईचे ठिपके उडाल्यासारखे काळे डाग म्हणजे ढेकूण. ते खायला न मिळताही महिनोन् महिने तग धरतात, "घर बंदच होतं" या सबबीला अर्थ नाही. कपडे असतील तर ड्रायरमध्ये जास्त उष्णतेवर अर्धा तास. हेल्मेट आणि गाडीतली लहान मुलांची सीट कधीच वापरलेली नको. हेल्मेटच्या आतला फोमचा थर एकदा आपटला की दबतो आणि बाहेरून काही दिसत नाही.

प्रतिसाद:
वरच्याला +१. टेबलाचं राहिलं. खालून बघा. वरून सगळी टेबलं छान दिसतात. कडा फुगल्या असतील तर भुसा दाबून केलेला बोर्ड आहे आणि पाणी प्यायलाय, स्क्रू परत धरणार नाही. अस्सल लाकडात स्क्रूचं भोक मोठं झालं तरी काडेपेटीच्या काड्या आणि फेविकॉल भरून काम भागतं. बारीक गोल भोकं दिसली तर खाली काळा कागद टाकून टेबलावर टिचक्या मारा. ताजं पीठ पडलं तर भुंगा अजून आत राबतोय.

धागाकर्ती:
उशिरा लिहितेय, माफ करा. अपडेट.

फ्रिज नाही घेतला. मालक भले होते, मीटर लावू दिला. दिवसाला १.९ युनिट निघाले, म्हणजे वर्षाला सातशेच्या घरात. शिवाय खालच्या कोपऱ्यात चिठोरा असा निसटला की त्या काकांनाच हसू आलं. आता कमी वयाचा शोधतोय. लॅपटॉप आठव्या पिढीचा मिळाला, बॅटरी बदलायला टाकलीय.

टेबल घेतलं. खालून बघितलं, काळा कागदही टाकला. विकणाऱ्या बाई जरा चमकून बघत होत्या, पण पीठ नाही पडलं. डाव्या ड्रॉवरच्या आत कुणीतरी पेन्सिलने सात ते एकोणीसचे पाढे लिहून ठेवलेत. सतराचा चुकलाय, सतरा साते एकशे सव्वीस. पुसायला गेले तर मुलगी म्हणाली राहू दे, आणि खाली लाल पेनाने ११९ लिहून आली.

एकच अडचण आहे. तोच ड्रॉवर निम्म्यावर अडकतो, दोन्ही हातांनी ओढावा लागतो. साबण घासू का?

प्रतिसाद:
साबण नको, तो ओल धरतो आणि लाकूड आणखी फुगतं. ड्रॉवर बाहेर काढा, जिथे घासून चकचकीत झालंय तिथे बारीक पॉलिशपेपर मारा आणि पांढरी मेणबत्ती घासा, आतल्या पट्टीवरही. पावसाळ्यात परत अडकला तर लगेच रंधा मारू नका, कोरडी हवा सुरू झाली की आपोआप सुटेल.