मदत हवी आहे: शॉर्टफिल्मसाठी सिनेमा कॅमेरा, बजेट दीड लाख

नमस्कार मंडळी. नागपुरात आम्ही चार-पाच जण मिळून अर्ध्या तासाची फिल्म करतोय. कथा इतवारीतल्या गल्ल्यांची, बरीचशी रात्रीची. लेन्स धरून दीड लाखात बसवायचंय, म्हणजे वापरलेलाच कॅमेरा घ्यावा लागेल.

मन ब्लॅकमॅजिक पॉकेट ४केवर आहे. १२ बिट रॉ (कच्चं फुटेज, रंग-उजेड नंतर हवा तसा बदलता येतो) मिळतं, आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ४०० आणि ३२०० असे दोन नेटिव्ह (सेन्सरचे मूळचे), त्यामुळे दुकानांच्या उजेडात काम निभेल असं वाटतं. पण एलपी-ई६ बॅटरी तासभरही टिकत नाही म्हणतात, बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) नाही, आणि चालत्या माणसावर फोकस धरणारा ऑटोफोकसही नाही. आमच्याकडे फोकस पुलर, म्हणजे शॉट चालू असताना हाताने फोकस सांभाळणारा माणूस, कुठला! जो चहा आणतो तोच बूम (काठीवरचा माइक) धरतो.

दुसरा पर्याय सोनी एफएक्स३०. ऑटोफोकस झकास, स्टॅबिलायझेशन आहे, पण रॉ हवं तर बाहेरचा रेकॉर्डर लावा, आणि वापरलेली बॉडीच बजेट खाऊन टाकते.

खरी काळजी उन्हाची आहे. दिवसाचे सीन मे महिन्यात करायचेत. तेव्हा आपल्याकडे पारा ४५ वर जातो आणि दोन्ही कॅमेऱ्यांची कंपनीने दिलेली मर्यादा ४० अंश आहे. भर उन्हात यातला एखादा कोणी चालवलाय का? मध्येच बंद पडतो का? छत्री धरून भागतं का?

आणि पॉकेट जुना घेताना सेन्सर, एचडीएमआय पोर्ट यांशिवाय काय तपासावं? सीताबर्डी किंवा धरमपेठेकडे भाड्याने देणारं कोणी माहीत असेल तर तेही सांगा, घ्यायच्या आधी एक रात्र चालवून पाहू.