मदत हवी आहे : नाटोत एकाच देशाने अडवलं तर आज पर्यायी वाट कोणती?

नाटोच्या मौन प्रक्रियेवर टिपण लिहितोय, एका मुद्द्यावर गाडी अडली आहे. या प्रक्रियेत मसुदा सगळ्या राजधान्यांकडे जातो, मुदत ठरते; तोवर कोणी लेखी हरकत घेतली नाही तर निर्णय मंजूर. हरकत आली की 'मौन मोडलं'.

फेब्रुवारी 2003 मध्ये तुर्कस्तानच्या संरक्षणाच्या तयारीवरून फ्रान्स, जर्मनी आणि बेल्जियमने ते मोडलं. तुर्कस्तानने नाटो कराराच्या कलम 4 खाली सल्लामसलत मागितली, तरी उत्तर अटलांटिक परिषदेत (नाटोची सर्वोच्च निर्णय घेणारी सभा) कोंडी फुटेना. शेवटी विषय संरक्षण नियोजन समितीकडे नेला. फ्रान्स तिथे नव्हताच! जर्मनी-बेल्जियम वळले आणि 16 फेब्रुवारीला निर्णय झाला.

ही समिती 2010 मध्ये बरखास्त झाली. फ्रान्सविना चालणारा अण्वस्त्र नियोजन गट आहे, पण त्याचा विषयच वेगळा.

कराराचा मजकूर वाचून झालाय. कलम 4 मध्ये निर्णयपद्धतीबद्दल अवाक्षर नाही. 2003 ची अंतर्गत कागदपत्रं अजून खुली नाहीत. युरोपीय संघातली 'विधायक तटस्थता' (सदस्य देश तटस्थ राहतो, पण निर्णय अडवत नाही) मला ठाऊक आहे, ती नको.

2010 नंतर परिषदेत मौन मोडल्यावर विषय दुसऱ्या समितीत नेऊन निर्णय झाल्याचं एखादं उदाहरण आहे का, की हरकतीचा मजकूर तळटिपेत घालून मिटवणं एवढंच उरतं?