रि: रि: शनिवारचं जेवण – मोठ्या चेनचं (अनेक शाखा असलेलं) हॉटेल की ते छोटं हॉटेल?

सचिव:
मंडळी, आज रात्रीपर्यंत फायनल करायचंय. कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्या बाईंशी बोलून आलो. स्वयंपाक त्या स्वतः करतात, हाताखाली एकच पोरगा. 24 जण चालतील म्हणाल्या, पण आकडा आदल्या दिवशी पक्का पाहिजे, पदार्थ सगळ्यांना मिळून चारच, आणि बिल एकच. वेगवेगळी बिलं करणार नाही म्हणजे नाही.

खजिनदार:
एकच बिल म्हणजे मी भरायचं आणि मग महिनाभर सगळ्यांच्या मागे लागायचं! पिकनिकचे पैसे अजून यायचेत, कोणाचे ते इथे लिहीत नाही, त्यांचं त्यांना माहीत आहे. चेनमध्ये निदान टेबलावर मशीन घेऊन येतात, ज्याचं त्याने भरावं.

माजी अध्यक्ष:
खजिनदारांना अनुमोदन. शिवाय मला शुगर आहे, चेनच्या मेनूवर कॅलरी तरी लिहिलेल्या असतात. छोट्या ठिकाणी काय घालतात कोणास ठाऊक.

नाटक ग्रुप:
काका, कॅलरी लिहायचा नियमच मोठ्यांसाठी आहे! अमेरिकेत 20 किंवा जास्त शाखा असतील तर, इंग्लंडात 250 किंवा जास्त माणसं कामाला असतील तर. म्हणून छोट्यांकडे आकडे दिसत नाहीत. ॲलर्जीचं मात्र तसं नाही, युरोपात 14 घटकांची माहिती सगळ्यांनाच द्यावी लागते, हॉटेल कितीही लहान असो. आणि काय घालतात ते त्या बाईंनाच विचारा की, समोरच उभ्या असतात. चेनमधल्या वेटरला आतलं काही माहीत नसतं, तो फाईल शोधायला जातो.
चार पदार्थांवरून कोणी कुरकुरू नका. शिकत असताना मी हॉटेलच्या किचनमध्ये राबलोय. बऱ्याच चेनमध्ये ग्रेव्ही, सॉस तयार होऊन येतात, तिथे नुसतं गरम करून वाढायचं. इथे एका बाईसमोर चार शेगड्या, आणि आपण 24 जणांनी पंधरा प्रकार सांगितले की पहिल्याचं ताट पुसून होतं तेव्हा शेवटच्याची कढई चढते. मग आपणच म्हणणार सर्व्हिस स्लो आहे.
बाय द वे, ते हॉटेल आधी आमच्या ग्रुपने शोधलंय, तालमीनंतर तिथेच जातो.

माजी सांस्कृतिक सचिव:
शोधलंय?? मी समितीत असताना हेच नाव सुचवलं होतं, तेव्हा "जागा लहान आहे" म्हणून उडवून लावलं. असो.

एक सभासद:
ॲपवरून मागवून हॉलवरच जेवलो तर? भांडणच नको.

नाटक ग्रुप:
ॲपवाले 30 टक्क्यांपर्यंत कमिशन कापतात, त्या बाईंच्या हातात काय उरणार? मागवायचंच तर फोन करून मागवा आणि जाऊन घेऊन या.

माजी अध्यक्ष:
घेऊन कोण येणार? मागच्या वेळी माझ्या गाडीत रस्सा सांडला होता, सीट धुऊनसुद्धा वास गेला नाही. आणि तिथे पार्किंग आहे का?

सचिव:
पार्किंग मागच्या गल्लीत. काका, डबे तुमच्या गाडीत ठेवणार नाही. मूळ मुद्दा बिलाचा आहे.

खजिनदार:
ठीक आहे, मग माझी अट. आधी पैसे, मग नाव. गुरुवारी रात्रीपर्यंत खात्यात आले तेवढेच आकड्यात धरणार, शुक्रवारी सचिवांनी तोच आकडा बाईंना कळवायचा. ऐन वेळी कोणी आलं नाही तर पैसे परत नाहीत, स्वयंपाक झालेला असतो. पिकनिकवाल्यांनी आधीचे भरावेत, मग हे.

एक सभासद:
आम्ही तिघे, पैसे पाठवले. मेहुणा येणार असं चाललंय पण नक्की नाही, तेवढा एक ॲडजस्ट होईल ना?