खिशात पंधरा-वीस हजार असलेल्या नव्या गायकाने आधी काय करावं: कव्हर की स्वतःची चाल?

षड्ज_पुणे:
पाठीशी कंपनी नसलेल्या पोरापोरींना सरसकट एकच सल्ला मिळतो: आधी गाजलेल्या गाण्यांची कव्हर टाका, म्हणजे ती आपल्या आवाजात गाऊन टाका, नाव झालं की स्वतःचं काढा. माझा याला ठाम विरोध आहे. पैसे फोटोशूट, लोगो आणि कव्हरच्या व्हिडिओवर उडवू नका. स्वतःच्या दोन रचना नीट रेकॉर्ड करा. यूट्यूबवर कव्हर टाकलं की कंटेंट आयडी, म्हणजे हक्क असलेली गाणी आपोआप ओळखणारी त्यांची यंत्रणा, ते पकडू शकते, मग जाहिरातीचे पैसे बहुधा मूळ हक्कदाराकडे जातात. मेहनत तुमची, पण लोकांच्या तोंडी नाव मूळ गायकाचंच.

मंद्रसप्तक:
असहमत. अनोळखी माणसाची अनोळखी चाल ऐकतंय कोण? स्पॉटिफायवर मागच्या 12 महिन्यांत गाणं 1,000 वेळा वाजलं नाही, तर त्याची रॉयल्टीच मिळत नाही. माझ्या ओळखीची एक मुलगी दर शुक्रवारी घराच्या त्याच कोपऱ्यात बसून फक्त पेटीवर जुनी भावगीतं गाते. खर्च जवळपास शून्य. गणपतीतल्या सुपाऱ्या तिला त्यावरूनच मिळाल्या.

षड्ज_पुणे:
सुपाऱ्या मिळाल्या, आनंदच आहे. पण मंडळाने यादी कुठल्या गाण्यांची दिली असेल? जुन्याच ना? तिची स्वतःची चाल कोणी मागितली का?

अभंगवेडी:
दोघांनाही विचारते, अभंगांचं काय? तुकोबांच्या शब्दांवर आज कुणाचा कॉपीराइट नाही. शब्द ओळखीचे म्हणून ऐकणारा थांबतो, चाल तुम्ही बांधलीत म्हणून ती तुमची. फक्त गाजलेली चाल उचलू नका. अभंगांना गाजलेल्या चाली देणारे संगीतकार श्रीनिवास खळे 2011 साली गेले आणि आपल्या कायद्यात संगीतरचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो, म्हणजे त्यांच्या चाली 2071 संपेपर्यंत मोकळ्या होत नाहीत. स्वतःची चाल मात्र आयपीआरएसकडे, म्हणजे गीतकार-संगीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे, नोंदवा. हे बहुतेक जण राहूनच देतात.

मंद्रसप्तक:
+१, हे पटलं. पण रॅप करणाऱ्या पोराला अभंग गा म्हणणार का? आणि चाल कुणाचीही असो, दर आठवड्याला लोकांसमोर येणं सुटत नाही.

षड्ज_पुणे:
रॅपवाल्याला कव्हरचा मोहच नको. तिथे शब्द स्वतःचे नसतील तर कुणी उभं करत नाही. दर आठवड्याचं मान्य, पण त्यात स्वतःचा अर्धवट मुखडा टाका, चाल कशी बसवली ते दाखवा. आणि यूट्यूब, इन्स्टा, स्पॉटिफाय सगळीकडे नाव एकाच स्पेलिंगने लिहा. त्याला एक रुपया लागत नाही.